आधी गृहीतकं, मग अल्गोरिदम: मोबाईल सर्व्हिस कम्पोझिशनच्या संशोधनाला सुरुवात कशी करावी

रिक्वायरमेंट ॲनालिसिस आणि मोबाईल सर्व्हिस कम्पोझिशन या दोन विषयांच्या सांध्यावर ज्यांना काम करायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षातले, एमटेकचा प्रबंध हाती घेतलेले, किंवा काही काळ नोकरी करून संशोधनाकडे वळलेले इंजिनिअर डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. प्रोग्रॅमिंग येतं, संभाव्यतेची तोंडओळख आहे, एखादं ॲप स्वतः बांधून पाहिलं आहे, एवढी तयारी पुरते.

या विषयात नवे लोक बहुतेकदा अल्गोरिदमपासून सुरुवात करतात. ‘जेनेटिक अल्गोरिदमने सर्व्हिसची निवड’ असं शीर्षक (जेनेटिक अल्गोरिदम म्हणजे उत्क्रांतीच्या धर्तीवर उत्तरं सुधारत नेणारी शोधपद्धत) आधी ठरतं आणि त्याला साजेसा प्रश्न नंतर शोधला जातो. मी सुचवतो तो क्रम उलटा आहे. आधी माणसाची गरज लिहायची, ती पुरी होण्यासाठी आपण जगाबद्दल काय काय धरून चाललो आहोत ते लिहायचं, मग कम्पोझिशनकडे वळायचं आणि अल्गोरिदमला अगदी शेवटी हात घालायचा. फोन एका जागेवरून दुसरीकडे जातो तेव्हा वापरणाऱ्याची गरज तीच राहते आणि कोडही तेच राहतं, बदलतात ती गृहीतकं. करण्यासारखं बरंचसं काम याच ठिकाणी पडून आहे.

पहिली पायरी: एकच प्रसंग निवडा आणि तो शेवटपर्यंत सोडू नका

रिक्वायरमेंट ॲनालिसिस म्हणजे कोणाला काय हवं आहे, का हवं आहे आणि ते मिळालं हे ओळखायचं कसं, याचा शोध. सर्व्हिस कम्पोझिशन म्हणजे वेगवेगळ्या पुरवठादारांच्या तयार सर्व्हिस जोडून, एकट्या कुठल्याच सर्व्हिसला जमणार नाही असं काम उभं करणं. मोबाईल कम्पोझिशनमध्ये ही जोडणी वापरणारं यंत्र हातात असतं. ते हलतं, बॅटरीवर चालतं आणि त्याचं नेटवर्क मधूनच तुटतं.

व्याख्या एवढ्या पुरे. आता एक प्रसंग घ्या. या लेखात मी रुग्णवाहिका बोलावणाऱ्या ॲपचा प्रसंग घेतो. एकाने बटण दाबलं की पाच कामं व्हायला हवीत: त्याचं ठिकाण कळणं, जवळची मोकळी गाडी सापडणं, गाडीला लागणारा वेळ काढणं, खाट शिल्लक असलेलं रुग्णालय निवडणं आणि नातेवाइकांना कळवणं. प्रत्येक काम करून देणाऱ्या अनेक सर्व्हिस उपलब्ध आहेत असं समजू.

प्रसंग निवडताना एक कसोटी लावा. त्यातली एखादी गोष्ट चुकली तर कोणाचं तरी खरंखुरं नुकसान व्हायला हवं. सर्व्हिस कम्पोझिशनच्या लिखाणात प्रवासाच्या बुकिंगचं उदाहरण इतकं घासून गेलं आहे की त्यातल्या रिक्वायरमेंटवर कोणी विचारच करत नाही. उदाहरण बेतास बात असलं की प्रश्नही तसेच सुचतात.

दुसरी पायरी: तीन ढीग वेगळे करा

माझ्या मते संपूर्ण कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पामेला झेव्ह आणि मायकेल जॅक्सन यांनी १९९७ साली एक मांडणी केली. रिक्वायरमेंट म्हणजे बाहेरच्या जगात काय घडायला हवं याचं विधान. स्पेसिफिकेशन म्हणजे यंत्र आणि जग जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर यंत्राने कसं वागावं याचं विधान. आणि या दोहोंच्या मध्ये जगाबद्दलचं ज्ञान असतं, म्हणजे आपण काय वाटेल ते केलं तरी जग असंच वागतं असं आपण धरून चालतो ते सगळं. यांच्यातलं नातं असं की जगाबद्दलची गृहीतकं आणि स्पेसिफिकेशन एकत्र घेतली, तर त्यांतून रिक्वायरमेंट तर्काने निघायला हवी.

आपल्या प्रसंगात ‘आजारी माणसापर्यंत गाडी वेळेत पोहोचावी’ ही रिक्वायरमेंट. ‘विनंती आली की नकाशावर सर्वांत जवळ दिसणाऱ्या मोकळ्या गाडीला संदेश पाठवावा’ हे स्पेसिफिकेशन. आता नीट पाहिलं तर दुसऱ्या वाक्यातून पहिलं आपोआप निघत नाही. ते निघण्यासाठी मध्ये बरंच काही धरावं लागतं. नकाशावरची जागा खरीच गाडीची जागा आहे. ‘मोकळी’ दिसणारी गाडी खरंच मोकळी आहे. संदेश चालकापर्यंत पोहोचतो, तो वाचतो आणि निघतो. बटण दाबणारा माणूस आणि आजारी माणूस एकाच ठिकाणी आहेत. शेवटचं गृहीतक पहिल्या यादीत सहसा कोणी लिहीत नाही, पण दुसऱ्या गावातल्या आईवडिलांसाठी मुलगा विनंती करतो तेव्हा नेमकं तेच मोडतं.

गृहीतकं मोडली की काय होतं, याचा दाखला या क्षेत्राच्या इतिहासातच आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसने गाड्या पाठवण्याची नवी संगणकीय यंत्रणा पूर्णपणे वापरात आणली आणि दिवसभरात सगळं काम विस्कळीत झालं. चौकशीचा अहवाल फेब्रुवारी १९९३ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा की २६ आणि २७ तारखेला संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडलाच नव्हता. गाड्यांची जागा आणि स्थिती यांची जवळजवळ अचूक माहिती सतत मिळत राहील, हे गृहीत धरून यंत्रणा आखली होती. प्रत्यक्षात रेडिओ न पोहोचणाऱ्या जागा होत्या आणि गाडीतल्या कर्मचाऱ्यांकडून स्थिती कळवणारी बटणं नेहमी योग्य क्रमाने दाबली जात नव्हती. माहिती चुकली की चुकीची गाडी जाई, तक्रारींचे फोन वाढत, अपवादांचे संदेश पडद्यावर साचत आणि खरी माहिती त्यांच्याखाली दडून जाई. ४ नोव्हेंबरला यंत्रणा खरोखरच बंद पडली, ती प्रोग्रॅममध्ये राहून गेलेल्या एका चुकीमुळे सर्व्हरची मेमरी हळूहळू भरत गेल्याने. दोन्ही घटना शेजारी ठेवून वाचा. दुसरी चूक कोड तपासताना सापडू शकली असती. पहिली कोडमध्ये नव्हतीच, त्यामुळे तिथे कितीही शोधली तरी सापडली नसती.

म्हणून तुमच्या प्रसंगासाठी तीन स्तंभांचा तक्ता करा: रिक्वायरमेंट, स्पेसिफिकेशन, गृहीतक. गृहीतकांच्या प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा: हे केव्हा खोटं ठरेल, आणि खोटं ठरलं हे फोनला कळू शकेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तिथे खूण करून ठेवा. या खुणांपैकीच एखादी तुमचा संशोधनप्रश्न होण्याची शक्यता मोठी आहे.

तिसरी पायरी: उद्दिष्टांचं झाड काढा, मग त्याच्या वाटेत अडथळे घाला

तक्ता झाला की ‘का’ आणि ‘कसं’ हे प्रश्न विचारत उद्दिष्टं वरखाली जोडायची. यासाठी दोन परंपरा माहीत असायला हव्यात. पहिली काओस. ती ॲक्सेल व्हान लाम्सवेर्डे आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिचा गाजलेला पेपर १९९३ चा. यात मोठ्या उद्दिष्टाची लहान उद्दिष्टांत फोड करत जायचं आणि प्रत्येक लहान उद्दिष्ट एकेकाच्या गळ्यात पडेपर्यंत थांबायचं नाही, मग तो सॉफ्टवेअरचा घटक असो, माणूस असो की उपकरण. दुसरी आय-स्टार. ती एरिक यू यांच्या टोरोंटो विद्यापीठातल्या १९९५ च्या प्रबंधातून आली आणि २०१६ मध्ये तिची ‘आय-स्टार २.०’ ही आटोपशीर आवृत्ती ठरवण्यात आली. तिचा भर कोण कोणावर अवलंबून आहे यावर आहे.

दोन्हींतलं एकच निवडा. अनेक बाहेरच्या पुरवठादारांशी गाठ असेल तर आय-स्टार सोयीचं, कारण पुरवठादाराचा स्वार्थ त्यात दाखवता येतो. गृहीतकं तपासायची असतील तर काओस, कारण त्यात अडथळ्यांचं विश्लेषण आहे. लाम्सवेर्डे आणि इमॅन्युएल लेटिए यांनी २००० साली ते सविस्तर मांडलं आणि उदाहरण म्हणून लंडनचीच रुग्णवाहिका यंत्रणा घेतली. रीत साधी आहे. प्रत्येक उद्दिष्टाचा नकार लिहायचा, तो कोणत्या मार्गांनी खरा होऊ शकतो ते शोधायचं आणि प्रत्येक मार्गावर उपाय ठरवायचा: उद्दिष्ट सैल करायचं, जबाबदारी दुसऱ्याकडे द्यायची, अडथळा टाळायचा, की झालेलं नुकसान भरून काढायचं.

मोबाईलच्या संदर्भात अडथळे शोधताना हे प्रश्न उपयोगी पडतात. नेटवर्क कामाच्या मधोमध गेलं तर? जागेची नोंद जुनी असेल तर? ऑपरेटिंग सिस्टीमने ॲपला झोपवलं तर? अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन बराच वेळ न हलता पडून राहिला आणि चार्जिंगला नसला की ‘डोझ’ अवस्थेत जातो. मागे चालणाऱ्या ॲपचं नेटवर्क तेव्हा ठरावीक खिडक्यांपुरतंच उघडतं. तुमचं कम्पोझिशन मागे चालत असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या सर्व्हिसच्या मध्येच ते अडकून पडेल, आणि सर्व्हर मात्र बिचारा अगदी तंदुरुस्त असेल.

चौथी पायरी: वाक्यं मोजता येतील अशी लिहा

रिक्वायरमेंटच्या वाक्यरचनेसाठी ‘इअर्स’ ही पद्धत शिकून घ्या. ती रोल्स-रॉइसमधल्या ॲलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. वाक्याचे मोजके साचे आहेत: नेहमी लागू असणारं, घटना घडल्यावर लागू होणारं, एखादी अवस्था असेतोवर लागू असणारं, नको ते घडल्यास लागू होणारं आणि एखादी सोय बसवली असेल तरच लागू असणारं. मराठीत हे साचे सहज बसतात:

‘विनंती आल्यावर, ॲपने १० सेकंदांच्या आत गाडी निश्चित झाल्याचं किंवा न झाल्याचं दाखवावं.’

‘नेटवर्क नसेतोवर, ॲपने शेवटची माहीत असलेली जागा आणि ती किती जुनी आहे हे दोन्ही दाखवावं.’

‘निवडलेल्या रुग्णालयाने खाट नाकारली, तर ॲपने गाडी न सोडता दुसरं रुग्णालय शोधावं.’

तिसऱ्या वाक्यातलं ‘गाडी न सोडता’ लक्षात ठेवा, सहाव्या पायरीत त्याचं काम पडणार आहे.

‘लवकर’, ‘विश्वासार्ह’, ‘सोपं’ असे शब्द दिसले की प्रत्येकापुढे मोजमाप लिहा. वेळ मोजताना सरासरीवर विसंबू नका. संकटातल्या माणसाला सरासरीचा उपयोग नाही. ‘१०० पैकी ९५ विनंत्यांना १० सेकंदांच्या आत उत्तर’ हे तपासता येतं.

सगळंच काटेकोर करणं शक्य नसतं, हेही खरं. भोवतालची परिस्थितीच अनिश्चित असते तेव्हा काही रिक्वायरमेंट मुद्दाम सैल लिहाव्या लागतात. त्यासाठी २००९ मध्ये जॉन व्हिटल आणि सहकाऱ्यांनी ‘रिलॅक्स’ ही भाषा मांडली. ‘शक्य तितक्या लवकर’ किंवा ‘शक्य तितकं या आकड्याच्या जवळ’ अशी विधानं तीत औपचारिक अर्थासह लिहिता येतात, आणि सैलपणा कोणत्या अनिश्चिततेमुळे आला तेही नोंदवावं लागतं. कुठली रिक्वायरमेंट कधीच सैल करायची नाही हे मात्र आधी ठरवा. ते ठरवणं अल्गोरिदमचं काम नव्हे, ते स्टेकहोल्डरशी, म्हणजे यंत्रणेशी ज्यांचा संबंध येतो त्या माणसांशी, बोलून ठरतं.

पाचवी पायरी: कम्पोझिशनचं गणित करा, आणि ते कुठे मोडतं ते पाहा

आता जोडणीकडे येऊ. जुन्या लिखाणात बीपीईएल ही, सर्व्हिस कोणत्या क्रमाने जोडायच्या ते लिहिण्याची भाषा वारंवार भेटेल. तिची २.० आवृत्ती २००७ मध्ये ओएसिस या संस्थेने प्रमाणित केली. आज बहुतेक सर्व्हिस रेस्ट पद्धतीच्या, म्हणजे साध्या वेब विनंत्यांनी वापरता येणाऱ्या, असतात आणि त्यांची वर्णनं ओपन-एपीआय या ठरावीक नमुन्यात लिहिलेली असतात, पण संकल्पना त्याच आहेत: अमूर्त कामांचा आलेख काढायचा आणि प्रत्येक कामासाठी उमेदवार सर्व्हिसमधून एक निवडायची.

निवडीचा आधार म्हणजे सेवेची गुणवत्ता, या क्षेत्राच्या बोलीत क्यूओएस. एकामागोमाग एक चालणाऱ्या सर्व्हिसचा वेळ बेरजेने निघतो, समांतर चालणाऱ्यांचा वेळ त्यांतल्या सर्वांत संथ सर्व्हिसएवढा. खर्चाची बेरीज होते, उपलब्धतेचा गुणाकार. या प्रकारची सूत्रं वापरून पूर्ण कम्पोझिशनची निवड इंटिजर प्रोग्रॅमिंगने (पूर्णांकी चलं आणि अटी मांडून सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या गणिती पद्धतीने) करता येते, हे झेंग, बेनातल्लाह आणि सहकाऱ्यांनी २००४ च्या प्रसिद्ध पेपरात दाखवलं. कानफोरा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तिथे जेनेटिक अल्गोरिदम आणला. समस्या सैद्धांतिकदृष्ट्या एनपी-हार्ड आहे, म्हणजे आकार वाढला की अचूक उत्तर काढायचा वेळ बेसुमार वाढू शकतो, म्हणून त्यानंतर अंदाजी अल्गोरिदमांची रीघ लागली.

इथे आकडे मांडून पाहण्याची सवय लावून घ्या. पाच कामं आणि प्रत्येकाला २० उमेदवार म्हणजे २० चा पाचवा घात, ३२ लाख जोड्या. साधा लॅपटॉप हे सगळे पर्याय काही सेकंदांत तपासून सर्वोत्तम उत्तर काढतो. एवढ्या समस्येवर जेनेटिक अल्गोरिदम चालवून ‘चांगलं उत्तर मिळालं’ असं लिहिणं व्यर्थ आहे. समस्या मोठी असली तरी तुलनेला इंटिजर प्रोग्रॅमिंगचा चांगला सॉल्व्हर ठेवाच. तुमची पद्धत त्याच्यापेक्षा कुठे सरस आहे हे सांगता आलं तरच ती हवी.

आता उपलब्धतेचा गुणाकार पाहा. पाच सर्व्हिस, प्रत्येकीची उपलब्धता ९९ टक्के, तर सगळं कम्पोझिशन सुमारे ९५.१ टक्के उपलब्ध. हे वाढवायला एका कामासाठी दोन पर्यायी सर्व्हिस ठेवल्या तर सूत्र सांगतं की त्या कामाची उपलब्धता ९९.९९ टक्के झाली. दोन्ही हिशेबांच्या पोटात एक गृहीतक आहे, की सर्व्हिस एकमेकींशी संबंध नसताना बंद पडतात. डेटा सेंटरमध्ये ते काही प्रमाणात खपतं. फोनवर पाचही सर्व्हिसकडे जायची वाट एकच, त्या फोनचा रेडिओ. फोन बोगद्यात शिरला की पाचही एकदम जातात आणि पर्यायी सर्व्हिसही त्यांच्याबरोबर जाते. तेव्हा ते ९९.९९ टक्के कागदावरच राहतात.

वेळेची बेरीज सरासरीपुरती ठीक. ९५ टक्क्यांच्या सीमेची, म्हणजे १०० पैकी ९५ विनंत्या ज्या वेळेच्या आत पुऱ्या होतात तिची, मात्र बेरीज होत नाही. प्रत्येक सर्व्हिसची अशी सीमा घेऊन बेरीज केली तर संपूर्ण कम्पोझिशनची सीमा मिळत नाही. त्यासाठी पूर्ण वितरण हाताळावं लागतं, किंवा सिम्युलेशन करावं लागतं.

ऊर्जेचं तर आणखी वेगळं. २००९ मध्ये बालसुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी मोजमापांतून दाखवलं की थ्री-जी नेटवर्कवर डेटा पाठवून झाल्यावरही रेडिओ काही सेकंद जास्त ऊर्जेच्या अवस्थेत राहतो आणि ही ‘शेपटी’ बरीच ऊर्जा खाते. याचा कम्पोझिशनवरचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. दोन सर्व्हिसना लागोपाठ हाक मारली तर शेपटी एकच, दोन हाकांमध्ये अंतर पडलं तर शेपट्या दोन. म्हणजे ‘या सर्व्हिसची ऊर्जा एवढी’ असा स्वतंत्र आकडा नसतोच, तो तिच्या आधी-नंतर काय चाललं आहे यावर ठरतो. प्रत्येक उमेदवाराला एक आकडा चिकटवणारं नेहमीचं मॉडेल इथे कामाचं राहत नाही. आजच्या नेटवर्कवर शेपटीची लांबी वेगळी असते, म्हणून आकडे जुन्या पेपरातून उचलू नका, मोजा.

ही तिन्ही ठिकाणं मी मुद्दाम विस्ताराने सांगितली, कारण प्रत्येकातून एक स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो.

सहावी पायरी: चालू असताना काय करायचं ते ठरवा

डिझाइनच्या वेळी केलेली निवड फोन हलला की शिळी होते. म्हणून चालू असताना निरीक्षण आणि बदल करणारा फेरा लागतो. त्याचा सर्वमान्य आराखडा म्हणजे मेप-के: निरीक्षण, विश्लेषण, नियोजन, अंमल, आणि चौघांच्या मध्ये सामायिक ज्ञान. केफार्ट आणि चेस यांच्या २००३ च्या लेखातून तो सर्वत्र पसरला. बहुतेक पेपरांत निरीक्षण फक्त प्रतिसादाच्या वेळेचं असतं. तुमच्याकडे दुसऱ्या पायरीचा तक्ता आहे, तेव्हा गृहीतकांचं निरीक्षण करा. ‘जागेची नोंद ३० सेकंदांपेक्षा नवी आहे’ हे गृहीतक फोन स्वतः तपासू शकतो आणि ते खोटं ठरताच, सर्व्हिस वेळेत उत्तर देत असली तरी, कम्पोझिशन बदलू शकतो. रिक्वायरमेंटवर चालू यंत्रणेत नजर ठेवण्याचा विचार फिकस आणि फेदर यांनी १९९५ मध्येच मांडला होता. मोबाईलवर तो नीट उतरवायला अजून पुष्कळ वाव आहे.

अर्धवट झालेल्या कामाचं काय, हा दुसरा प्रश्न. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ मध्ये डेटाबेससाठी ‘सागा’ ही कल्पना मांडली: लांब व्यवहाराचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी तो उलटवणारी भरपाईची कृती ठेवायची. मधला तुकडा फसला की आधीचे तुकडे उलट क्रमाने फिरवायचे. पाठ्यपुस्तकी सागा आपल्या प्रसंगाला लावला तर रुग्णालयाने खाट नाकारल्यावर ठरलेली गाडीसुद्धा रद्द होईल. चौथ्या पायरीतलं ‘गाडी न सोडता’ हे वाक्य नेमकं याच्या आड येतं. भरपाई कशी करायची हे रिक्वायरमेंट ठरवते, आणि ते नातं आपोआप कसं काढता येईल हा चांगला प्रश्न आहे.

एक बारीक पण घातक गोष्ट: विनंती पोहोचली, उत्तर मात्र वाटेत हरवलं, आणि ॲपने पुन्हा विनंती पाठवली. आता दोन गाड्या निघाल्या, आणि दुसरी गाडी ज्याला हवी होती तो ताटकळला. प्रत्येक विनंतीला एकमेव ओळखक्रमांक देऊन सर्व्हिसने पुनरावृत्ती ओळखायला हवी. उमेदवार सर्व्हिस हे करते की नाही, हा निवडीचा निकष असायला हवा, आणि उपलब्ध डेटासेटमध्ये तो नसतो.

सातवी पायरी: वाचन

वाचन सुरुवातीला न ठेवता इथे ठेवलं, कारण हातात तक्ता असला की काय शोधायचं ते कळतं. काही मोजके पेपर घ्या, त्यांनी कोणाचा आधार घेतला आणि त्यांचा आधार पुढे कोणी घेतला, असं मागेपुढे चालत जा. या ‘स्नोबॉलिंग’ पद्धतीचे नियम क्लेस व्होलिन यांनी २०१४ मध्ये लिहून दिले आहेत. पूर्ण पद्धतशीर आढावा करायचा असेल तर किचनहॅम आणि चार्टर्स यांची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं पाहा, पण ते काम एकट्याने करू नका. निवडीला दुसरे डोळे लागतात.

पेपर कुठे शोधायचे ते असं: रिक्वायरमेंटच्या बाजूने आयट्रिपलईची आरई परिषद (१९९३ पासून), रेफस्क्यू परिषद आणि ‘रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग’ हे नियतकालिक; सर्व्हिसच्या बाजूने आयसीसॉक (२००३ पासून) आणि आयसीडब्ल्यूएस या परिषदा; स्वतःला बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणाऱ्या यंत्रणांसाठी सीम्स परिषद; मोबाईलसाठी मोबाईलसॉफ्ट परिषद. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचं फारसं वाचत नाहीत. तुम्ही वाचा.

आठवी पायरी: डेटा आणि प्रयोग

तयार डेटा काय मोजतो हे आधी तपासा. सर्व्हिसच्या गुणवत्तेसाठी डब्ल्यूएस-ड्रीम हा डेटासेट खूप वापरला जातो. त्यात ३३९ वापरकर्त्यांनी ५,८२५ वेब सर्व्हिसना हाक मारल्याची मोजमापं आहेत. पण हे ‘वापरकर्ते’ प्लॅनेटलॅब या संशोधनासाठीच्या जाळ्यातले एका जागी बसवलेले संगणक होते. त्यावर प्रयोग करून निष्कर्षात ‘मोबाईल’ हा शब्द लिहिणं बरोबर नाही.

रिक्वायरमेंटच्या वाक्यांसाठी प्रॉमिस या सार्वजनिक संग्रहातला एनएफआर (नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट) डेटासेट आहे. त्यात १५ प्रकल्पांतली ६२५ वाक्यं आहेत. पूर्ण दस्तऐवज हवे असतील तर २०१७ चा प्युअर, त्यात ७९ दस्तऐवज आहेत. वाक्यांचं वर्गीकरण करणारं मॉडेल तपासताना वाक्यं सरमिसळ करून वाटू नका, नाहीतर एकाच प्रकल्पाची वाक्यं शिकण्यात आणि परीक्षेत दोन्हीकडे येतात आणि गुण फुगतात. दर वेळी एक प्रकल्प पूर्ण बाहेर ठेवून तपासा. मोठी भाषा-मॉडेलं वापरत असाल तर आणखी जपा. जुने सार्वजनिक डेटासेट त्यांच्या वाचनात आधीच येऊन गेलेले असू शकतात.

नेटवर्कसाठी तीन पातळ्या आहेत. लिनक्सवरच्या नेटएम या साधनाने विलंब आणि पॅकेट गळती कृत्रिमपणे घालता येते. त्यापुढची पातळी म्हणजे खऱ्या फोनवर चालत, गाडीतून, जिन्यात नोंदलेलं नेटवर्क प्रयोगशाळेत पुन्हा वाजवणं. सर्वांत खरी पातळी म्हणजे थेट मैदानात मोजणं, पण तिथे तोच प्रयोग तंतोतंत पुन्हा करता येत नाही. मला मधली पातळी सर्वांत उपयोगी वाटते, कारण खरी परिस्थितीही राहते आणि दोन पद्धतींना अगदी सारखी वागणूकही देता येते.

अल्गोरिदममध्ये यादृच्छिकता असेल तर एका धावेवरून काहीही सांगू नका. किमान ३० धावा हा रूढ संकेत आहे, जास्त जमल्या तर उत्तम. आर्कुरी आणि ब्रियान यांचा २०११ चा मार्गदर्शक पेपर वाचा आणि फरक ‘आहे की नाही’ एवढ्यावर न थांबता तो किती मोठा आहे हेही द्या.

आणि आकड्यांच्या बाहेरचा एक प्रयोग जरूर करा. तुमचा गृहीतकांचा तक्ता त्या कामातल्या माणसांना दाखवा. गाडी चालवणारे, फोन घेणारे, रुग्णालयात खाटांची नोंद ठेवणारे. कोणतं गृहीतक रोज मोडतं हे त्यांना विचारा. तुमच्या यादीत नसलेली ओळ ते सांगतील, आणि ती बहुधा महत्त्वाची असेल.

नववी पायरी: लिहिणं आणि खुलं करणं

पेपरात गृहीतकांचा तक्ता पहिल्या दोन पानांत द्या. कोणतं गृहीतक तुम्ही तपासलं, कोणतं चालू यंत्रणेत पाहिलं आणि कोणतं तसंच धरून चाललात, हे तीन वेगळे गट करा. वैधतेच्या मर्यादांचा, म्हणजे निष्कर्ष कुठवर खरे मानावेत ते सांगणारा, भाग मग वेगळा रचावा लागत नाही, तिसरा गट म्हणजेच तो.

कोड, नेटवर्कच्या नोंदी आणि विश्लेषणाच्या स्क्रिप्ट खुल्या करा. पण माणसांच्या हालचालींच्या नोंदी जशाच्या तशा कधीही देऊ नका. नाव काढून टाकलं की माणूस लपतो, हे खरं नाही. दि माँज्वा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाईल नोंदींवर दाखवलं की ठिकाण आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू ९५ टक्के माणसांना इतरांपासून वेगळं ओळखायला पुरतात. म्हणून नोंदी गोळा करण्याआधीच संमतीपत्रात काय खुलं होईल ते स्पष्ट लिहा, संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता घ्या, आणि खुलं करताना जागा वगळून फक्त नेटवर्कचा वेग, विलंब आणि तुटण्याचे क्षण द्या. कम्पोझिशनच्या पद्धती तपासणाऱ्या दुसऱ्या संशोधकाला बहुतेक वेळा तेवढंच लागतं.